दिवा कुठल्या वळणावर लागतो

ता. ४ फेब्रुवारी

ठिणगीस,

हे पत्र गाडीबद्दल आहे. बाकी कशाबद्दल नाही, तेव्हा पहिल्या ओळीलाच फाडू नकोस.

तुझ्या वहिनीला तू चार-चार पानं लिहितेस. ती मला त्यातली अर्धी ओळ वाचून दाखवते आणि उरलेलं कपाटात कुलूपबंद. कालची माझी वाटणी अशी होती : 'दादाला सांग, गाडी भंगारात द्यायची तर दे म्हणावं.' भंगारात! अकरा वर्षं शाळेची मुलं वाहिलेली तुझी गाडी, आणि तीही माझ्या शेडमध्ये उभी असताना! लोक मला गाड्यांचा वैद्यबुवा म्हणतात. आता काय म्हणतील, वैद्यबुवाच्या दारात रोगी मेला?

म्हणून मी गाडी तपासायला घेतली आहे. रोग्याचा इतिहास लिहिल्याशिवाय मला तपासता येत नाही, तुला माहीत आहे. तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहितो, चुकलं तर दुरुस्त कर.

तक्रार ऑक्टोबरपासून. बॅटरीचा लाल दिवा चालत्या गाडीत मध्येच लागतो, मध्येच विझतो. तू पाच वेळा गाडी आणलीस. पाचही वेळा माझ्या अंगणात तो दिवा असा गप्प, जसा साहेब वर्गात आल्यावर मागच्या बाकावरचा वांड मुलगा. मी वायर नाडीसारखी दोन बोटांत धरली, डोळे मिटले, काही लागलं नाही. तू 'दादा, त्या वळणावर...' म्हणून सुरुवात करायचीस आणि मी म्हणायचो, 'वळण रस्त्याला नसतं गं, माणसाला असतं, आणि तुला ते आईने लावलंच नाही.' गिऱ्हाईक हसायचं. गिऱ्हाईक हसलं की मला तपासणी पूर्ण झाल्यासारखं वाटतं.

सहाव्या वेळी, २४ नोव्हेंबरला, मी गाडी दिवसभर ठेवून घेतली. संध्याकाळी तुला सांगितलं, 'झालं. आता लागणार नाही.' आणि लागला नाही. एवढं मान्य कर.

पंधरा दिवसांनी सकाळच्या धुक्यात, पुलाच्या बरोबर मध्यावर, गाडीचे दिवे पिवळे पडत गेले, मग गेलेच, मग इंजिन बंद. आत नऊ मुलं. मागून येणारा ट्रक वीतभर अंतरावर थांबला. तोवर तू नऊच्या नऊ मुलं उतरवून कठड्याला लावली होतीस, प्रत्येकाने पुढच्याच्या दप्तराचा पट्टा धरायचा, असं सांगून. खरचटलंसुद्धा नाही कोणाला. तरी शाळेची समिती बसली. सात माणसं, सहांना बॉनेट कुठून उघडतं ते ठाऊक नाही आणि सातव्याला वाटतं की आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्यासमोर तू स्वतःच म्हणालीस, 'आदल्या दिवशी माझ्याकडून दिवे चालू राहिले असतील.' मी तिथेच बसलो होतो. आता तू स्वतःच म्हणाल्यावर मी कोण नाही म्हणणार?

तुझं काम गेलं, आणि चौथ्या दिवशी तू किल्ली माझ्या खिळ्याला अडकवून गाव सोडलंस. माझ्याशी एक शब्द न बोलता.

वहिनी म्हणते, तिकडच्या शहर बससेवेत चालकाची जागा आहे, तुझी चाचणी उत्तम झाली, फक्त आधीच्या शाळेचा वर्तणुकीचा दाखला दहा मार्चच्या आत हवा. आणि शाळेच्या दाखल्यावर शेरा आहे : 'चालक निष्काळजी. कामाला वळण नाही.' शब्द कोणाचा उचललाय ते माझ्या लक्षात आलं. मुख्याध्यापिका बाईंची गाडीही माझ्याकडेच येते. बोलताना ऐकलं असेल.

असो. पत्र गाडीबद्दल होतं.

वैद्य


ता. ११ फेब्रुवारी

ठिणगीस,

उत्तर नाही. ठीक आहे, मीही काही उत्तरासाठी लिहीत नाही.

तपासणीचा अहवाल. बॅटरी चार्ज करून बसवली. इंजिन बंद असताना बारा पॉइंट सहा व्होल्ट. सुरू केल्यावर बारा पॉइंट चार, जरा रेस दिली की चौदा पॉइंट दोन. वीज करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा ताणलेला, त्यातले कार्बन शाबूत, बॅटरीची टोकं घासून चकचकीत केली, इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी बदलली. प्रत्येक जोड हलवून पाहिला. थोडक्यात, रोगी ठणठणीत. अशा रोग्यांचा मला फार राग येतो.

काम सापडत नाही म्हणून हात शिवशिवतात. या आठवड्यात मी घरातला मिक्सर उघडला, तो चालू होता. भिंतीवरचं घड्याळ उघडलं, तेही चालू होतं. आता दोन्ही बंद आहेत. तुझी वहिनी म्हणाली, 'गाडीतलं दुखणं घरात शोधताय, की घरातलं गाडीत?' मी म्हटलं, तुला विजेतलं काय कळतं. ती म्हणाली, 'मला विजेतलं नाही कळत, तुमच्यातलं कळतं.' आणि चहा असा आपटला की बशी तडकली. बशी मात्र मी जोडून दिली.

शाळेच्या सहा गाड्या अजून माझ्याकडेच येतात. मंडळी तुझी चौकशी करतात. मी सांगतो, 'बरी आहे.' त्यापुढचं मलाही माहीत नसतं.

वैद्य


ता. १९ फेब्रुवारी

ठिणगीस,

तुझं कार्ड मिळालं. दोन महिन्यांनी एक ओळ, तीही मायन्याशिवाय, सहीशिवाय :

'दादा, किल्ली फिरवल्यावर दिवा लागतो का?'

हा काय प्रश्न झाला? सोळा वर्षांची असताना तू माझ्या शेजारी उकिडवी बसून टेस्टर धरायचीस, तेव्हा हा प्रश्न मीच तुला शिकवला होता. इंजिन सुरू करायच्या आधी नुसती किल्ली फिरवायची, सगळे दिवे लागले पाहिजेत, मग इंजिन सुरू झालं की विझले पाहिजेत. आता तू तो मला शिकवणार? येतो मी त्याच्याकडे.

आधी दुसरी गोष्ट. चालकाच्या सीटखाली तुझी वही सापडली. तुला आठवत असेल, तू ती एकदा माझ्यापुढे धरली होतीस आणि मी म्हटलं होतं, 'रोजनिशी लिहितेस? दिव्याच्या प्रेमात पडलीस की काय?' त्या वेळी मी उघडली नव्हती. आता शेडमधल्या खोक्यावर बसून वाचली.

'१७ ऑक्टो. पाण्याच्या टाकीचं डावं वळण. चढ, दुसरा गिअर, मुलं नऊ. लागला. कोपरा सरताच गेला.'

'१९ ऑक्टो. तेच वळण. मुलं चार, बाकीची तापाने घरी. नाही लागला.'

'२ नोव्हें. तेच वळण, मुलं नऊ. लागला. दादाला सांगितलं. हसला.'

'६ नोव्हें. मुलं नऊ. लागला. दादाला सांगितलं. हसला.'

'१३ नोव्हें. मुलं नऊ. लागला. दादाला सांगितलं नाही.'

अशी अकरा पानं. ठिणगे, माझ्याकडे सव्वीस वर्षांत इतका नेटका रोगाचा इतिहास कोणी आणला नाही. लोक येऊन सांगतात, 'गाडी काहीतरी करते.' तू जागा, चढ, गिअर आणि मुलांचं वजन लिहून आणलंस, आणि मी तुला रिकामी गाडी सपाट अंगणात उभी करायला लावून डोळे मिटत बसलो.

शेवटच्या पानावरची नोंद मी इथे लिहीत नाही.

तर आता भरलेली गाडी घेऊन टाकीच्या वळणावर जाणं आलं. मुलं कोणी माझ्या हवाली करणार नाही, करूही नये. वाळूची नऊ पोती भरली आहेत, प्रत्येकी पंचवीस किलो. तुझी वहिनी बरोबर येते म्हणते. मी नको म्हटलं, म्हणजे ती येणार हे ठरलं.

तुझ्या प्रश्नाकडे यायचं होतं. पानच संपलं.

वैद्य


ता. २५ फेब्रुवारी

ठिणगे,

सापडला.

कसा ते सगळं लिहितो, कारण वहिनी तुला लिहिणारच आहे आणि तिच्या पत्रात मी जसा दिसेन त्यापेक्षा माझ्या पत्रात थोडा बरा दिसावा, एवढी माझी खटपट. दिसेन असं वाटत नाही.

सकाळी साडेसातला निघालो, तुझ्या वेळेला. नऊ पोती सीटवर पट्ट्यांनी बांधलेली. वहिनी पुढे बसली, मागे वळून पोत्यांना म्हणाली, 'खिडकीवरून भांडायचं नाही. आणि डबा आत्ताच कोणी उघडायचा नाही.' मग मला म्हणाली, 'किती शहाणी आहेत. यांच्या जागी तुम्ही असता तर एव्हाना कोणाची तरी वेणी ओढली असती.'

प्रत्येक थांब्यावर थांबलो, दार उघडलं, लावलं. टाकीचा चढ आला. दुसरा गिअर टाकला, डावीकडे वळलो आणि दिवा लागला. लाल, टपोरा. कोपरा सरला, गेला. मी तिथूनच गाडी फिरवून परत खाली नेली, पुन्हा चढवली. पुन्हा लागला. तिसऱ्यांदाही. मी स्टिअरिंगवर हात आपटून ओरडलो, 'बघ! बघ! लागतो!'

वहिनी म्हणाली, 'लागतो हे ती ऑक्टोबरपासून सांगत होती. तुम्हाला कसला एवढा आनंद?'

'अगं, सापडला ना! नशीब, बल्ब पुन्हा बसवला होता, नाहीतर आजही कळलं नसतं.'

तोंडातून गेलं, ठिणगे. सव्वीस वर्षं मी लोकांच्या गाडीतले सैल जोड शोधले, स्वतःची जीभ कधी घट्ट केली नाही.

'पुन्हा म्हणजे?' वहिनीने विचारलं. 'होता कुठे तो?'

मी गिअर बदलला. गरज नसताना.

'अहो, मी विचारतेय. कुठे होता?'

'स्क्रूच्या डब्यात.'

'कधीपासून?'

'चोवीस नोव्हेंबर.'

वहिनी म्हणाली, 'थांबवा गाडी.' मी थांबवली. ती उतरली, पदर खोचला, आणि खिडकीतून आत वाकून म्हणाली, 'तिला माहीत आहे. पुलानंतर दुसऱ्या दिवशी बॅटरी चार्ज झाल्यावर गाडी हलवायला तिने किल्ली फिरवली. बाकीचे दिवे लागले, तो एक लागला नाही. तिने तेव्हाच ओळखलं. समितीपुढे मुद्दाम खोटं बोलली, तुमच्याकडे शाळेच्या सहा गाड्या येतात म्हणून. मला डिसेंबरातच लिहिलंय, आणि शपथ घातलीय की तुम्हाला सांगायचं नाही. मोडली मी शपथ. आता मी चालत जाते. तुम्ही वाळूला घेऊन या.'

मी नऊ पोत्यांना घेऊन घरी आलो. वाटेत एकही बोललं नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. त्या दिवसांत किल्ली फिरवल्यावर दिवा लागत नव्हता. कारण तो तिथे नव्हताच.

आता खरा रोग. अल्टरनेटरच्या मागून दिव्याची जी बारीक वायर येते, ती एका लोखंडी पट्टीच्या कडेला घासून बोटाच्या पेराएवढी सोलली होती. गाडी भरलेली असली आणि चढावर डावीकडे वळली, की इंजिन किंचित अंग टाकतं आणि उघडी तार पट्टीला टेकते. दिवा लागतो, चार्जिंग तेवढ्यापुरतं थांबतं. वळण संपलं की पूर्ववत. थोडी टेप आणि रबराची एक नळी, दहा मिनिटांचं काम. तू ते वळणाबद्दलचं वाक्य पूर्ण केलं असतंस तर, असं लिहिणार होतो. उलट आहे. मी तुला करू दिलं असतं तर.

आणि मी काय केलं? रोग सापडत नव्हता. गिऱ्हाइकांसमोर तू सहाव्यांदा आलीस. वैद्यबुवाला सांगता येईना की मला कळत नाही. मी डॅशबोर्डच्या मागे हात घालून बल्ब काढला आणि म्हटलं, झालं.

तो बल्ब नुसता चुगलखोर असता तर एवढ्यावर भागलं असतं. पण या जुन्या गाड्यांत किल्ली फिरवली की बॅटरीतली चिमूटभर वीज आधी त्या बल्बातून जाते आणि अल्टरनेटरला जागं करते. मग तो स्वतः वीज करू लागतो आणि दिवा विझतो. बल्बच काढला तर त्याला उठवायला कोणी नाही. खूप रेस दिली तर उठतो कधी कधी. पण शंभर पावलांवर एकेक मूल चढवत जाणाऱ्या गाडीत झोपूनच राहतो. बॅटरी एकटी ओढत राहते. धुक्यात, हेडलाइट लावून, वायपर लावून, पुलाच्या मध्यापर्यंत.

हे मला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. दोन दिवसांनी बसवू, म्हटलं. विसरलो असं लिहिलं तर तू कदाचित मानशीलही, पण विसरलो नव्हतो. त्या पंधरा दिवसांत तू दोनदा दारावरून गेलीस, हॉर्न वाजवलास, हात केलास. तक्रार नव्हती. मला ती शांतता आवडली.

समितीत तू खोटं बोललीस तेव्हा मी मान डोलावली. ती मान अजून दुखते आहे.

दादा


ता. ३ मार्च

ठिणगे,

काल समितीकडे गेलो. बोलावलं नव्हतं. बाई कार्यालयात होत्या, सातांपैकी चार जण हजर होते. मी बल्ब टेबलावर ठेवला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, जसं काही तोच आता बोलणार आहे.

मग मीच बोललो. चोवीस नोव्हेंबरपासून सगळं. अडखळलो दोन-तीनदा. आपल्याला ठाऊक आहे असं ज्यांना वाटतं ते सातवे गृहस्थ म्हणाले, 'पण वैद्यबुवा, एक बल्ब काढला तर बॅटरीची वीज वाचेलच की. त्यात काय एवढं?' एरवी मी त्यांचं काय केलं असतं ते तुला माहीत आहे. काल मी नीट, शांतपणे समजावून सांगितलं. दोनदा. त्यांना कळलं नाही, पण मला राग आला नाही. वय झालं बहुतेक.

बाईंनी एकच विचारलं : 'त्या दिवशी तुमच्या बहिणीने दोष स्वतःवर घेतला, तेव्हा तुम्ही मान का डोलावलीत?'

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला टोमणा तयार असतो. त्या प्रश्नाला नव्हता. मी म्हटलं, 'सोपं होतं म्हणून.'

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, 'नऊ मुलं होती त्या गाडीत.' मी म्हटलं, 'हो.' ते चौघं माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दाखला नवा लिहिला आहे. पाकिटात आहे, शिक्क्यासकट. त्यात शेवटी बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलंय : 'संकटसमयी प्रसंगावधान राखून नऊ विद्यार्थ्यांचे प्राण वाचवले.' वळणाचा शेरा काढला. बसवाल्यांच्या तारखेला आठवडा बाकी आहे, वेळेत पोचेल. माझा जबाब मी लिहून दिला, त्याचीही प्रत जोडली आहे. तू कोणाला दाखवायची तर दाखव.

शाळेच्या सहा गाड्या आता दुसरीकडे जातील. ते योग्यच आहे, त्यांच्या जागी मी असतो तर आधीच नेल्या असत्या. शेजारच्या टायरवाल्याने आज हाक मारली, 'काय वैद्यबुवा, ऐकलं ते खरं का?' मी म्हटलं, 'खरं. आणि आजपासून वैद्यबुवा नको म्हणू.' तो म्हणाला, 'मग काय म्हणू?' बराच वेळ विचार केला आम्ही दोघांनी. काही सुचलं नाही.

मिक्सर चालू करून दिला. घड्याळ अजून उघडंच आहे. तुझी वहिनी आज पहिल्यांदा बोलली. म्हणाली, 'मीठ द्या.'

वहीतलं शेवटचं पान मी लिहिलं नव्हतं. आता लिहितो, कारण ते तुझंच आहे :

'२५ नोव्हें. टाकीचं वळण. मुलं नऊ. नाही लागला. दादा तो दादाच.'

हे मी खोक्यावर बसून वाचलं आणि मग शेडचं दार आतून लावून घेतलं. सगळ्या गावाने मला शहाणं म्हटलं, त्यातलं मला एकच खरं वाटायचं, तुझं. आणि ते तू त्या दिवशी लिहिलंस, ज्या दिवशी माझ्याइतका मूर्ख कोणी नव्हता.

दादा


ता. ९ मार्च

ठिणगे,

कार्ड आलं. दाखला पोचला हे कळलं. पुढचं वाक्य, 'गाडी आणायची तर आण, पण तू आत येशील की नाही ते मी तेव्हा ठरवीन', हेही कळलं. वहिनीने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, 'बरोबर आहे तिचं.' ती तुझ्याच बाजूची आहे. आता मीही आहे, पण मला कोणी विचारत नाही.

रविवारी निघतो. वायरला नळी घातली, बल्ब नवा बसवला. जुना नको वाटला. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. रोज सकाळी जाऊन बघतो. एरवी गाडीतला लाल दिवा लागला की माणूस गाडी कडेला घेतो. मी हल्ली तो लागला की श्वास सोडतो.

टाकीच्या वळणावर भरलेली गाडी पाच वेळा नेली, नाही लागला. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस, फार झालं माझं सांगणं. मी दाराबाहेर रस्त्यावरच थांबेन. तू बस, किल्ली फिरव, तुझ्या तिकडच्या चढावर घेऊन जा. आणि परत येऊन म्हणालीस, 'दादा, लागला', तर मी हसणार नाही, डोळे मिटणार नाही, वायरही धरणार नाही.

विचारीन, 'कुठल्या वळणावर?' आणि तू सांगून संपेपर्यंत गप्प बसेन.

दादा